अप्पा डॉक्टर आणि कौसाबाईच्या कोंबड्या

"शरणार्थ, बाई!" म्हणत तो माणूस आमच्या अंगणात शिरला, तशी माझी बायको भांडी टाकून पदर सावरत उठली. तिला वाटलं, आपल्यालाच म्हणाला. पण त्याचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. तो उकिरड्यावरच्या आमच्या तांबड्या कोंबडीपुढं उकिडवा बसला होता आणि तिच्या पंखाखाली लस टोचायला हळूच हात पुढं करत होता.

"अवं, कोंबडीला कोण शरणार्थ करतंय?" बायको हसायला लागली.

"सुई टोचायलोय तिला. आधी नमस्कार तरी करावा का न्हाई?"

हे आमच्या भागातले जनावरांचे डॉक्टर, मन्मथअप्पा. वालूरच्या किराणा दुकानदाराच्या घरचे, गळ्यात लिंग, जन्मात कधी अंडं तोंडाला लावलं नाही. घरी गेले की आई त्यांना मागच्या दारी अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देत नसे. मी एकदा विचारलं, "खायचं न्हाई, तर कोंबड्यांचे डॉक्टर कशाला झालात?" म्हणाले, "खाणारे लय हायेत मामा. एखादा न खाणारा असू द्या. कोंबड्यांना बी जरा बरं वाटंल."

त्यांना काहीही सांगा, त्यांचा जबाब ठरलेला, "बघू द्या आधी." गावानं नावच पाडलं होतं, बघूद्या डॉक्टर. माझा कोंबडा मेला तेव्हा मी छातीठोक सांगितलं की शेजाऱ्यानं विष घातलं. "बघू द्या आधी," म्हणून त्यांनी माझ्यासमोर कोंबडा चिरला आणि पोटातून तारेचा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "मामा, ही तुमच्या वीटभट्टीवरची तार हाय." मी शाळा तिसरीपर्यंतच केली, पण माझ्या भट्टीवरची तार मला ओळखू येते. ती तार माझी नव्हती. आजही म्हणतो, नव्हती. त्यावरून आमचं लय भांडण झालं आणि त्या भांडणातूनच आमचं जमलं.

मग तो हिवाळा आला. आमच्या गावात कौसाबाई नावाची विधवा बाई आहे. हंगामात माझ्या भट्टीवर विटा वाहायची, बाकीचं वर्ष कोंबड्यांवर काढायची. पिंगळीच्या बाजारात तिची अंडी हातोहात जायची. ती माहेरी, राणीसावरगावला जाऊन चार नव्या कोंबड्या घेऊन आली होती. त्यानंतर थोड्या दिवसांनी अप्पा मानमोडी रोगाची लस टोचायला गावात आले आणि पहिलं तिच्याच अंगणात गेले. त्याच आठवड्यात तिच्या कोंबड्या माना टाकून पडायला लागल्या. मग शेजारच्या, मग आमच्या. भोपाळच्या प्रयोगशाळेतून तपासणीचा निकाल आला, बर्ड फ्लू. पांढरे झगे घातलेली माणसं आली, खड्डा खणला, गावातली एकूण एक कोंबडी मारून चुन्यात पुरली. अप्पा दिवसभर खड्ड्याच्या काठावर उभे होते.

गावाला नावं ठेवायला कुणीतरी लागतंच. पिंगळीच्या रस्त्याला शेजारच्या गावच्या बाळासाहेबांचं मोठं कोंबड्यांचं शेड होतं, तिथल्याही कोंबड्या त्याच दिवसांत गेल्या. बाळासाहेब आमच्या चावडीवर येऊन ओरडले, "या बाईनं माहेरून रोग आणला. तिच्यापायी तुमचं गाव गेलं, वाऱ्यानं माझं शेड गेलं!" झालं. नळावर बायका तिच्यापासून हंडे दूर ठेवायला लागल्या. गावानं बोलून ठेवलं की कौसाबाईनं गावात परत कोंबडी पाळायची नाही, आणि येत्या ग्रामसभेत तसा ठराव करायचा.

ती भट्टीवर आली. "दादा, माझ्या माहेरच्या कोंबड्या तिथं अजून ठणठणीत हायेत. मग मी रोग आणला कुठून? आन् कोंबडीबिगर मी काय करू? या वयात नुसत्या विटाच उचलू?"

मी अप्पांना निरोप धाडला. ते आले. मी म्हणालो, "डॉक्टर, ही बाई खोटं बोलत न्हाई."

"बघू द्या आधी."

"आता काय बघता? समद्या कोंबड्या तर पुरल्या!"

"नमुने हायेत ना. शेडातले, कौसाबाईच्या घरचे, गावातले. त्याचं सिक्वेन्सिंग करायलेत." माझं तोंड बघून ते विटांच्या थप्पीकडं गेले. निवडून तीन विटा आणल्या. एक साफ, एकीच्या कडेला गाठ, एकीला दोन गाठी. "तिन्ही एकाच साच्यातल्या. आधीची कोणती, मागची कोणती?"

"हे काय विचारणं झालं? साफ ती पहिली. मग साच्याला खाच पडली, एक गाठ यायला लागली. मग दुसरी खाच, दुसरी गाठ."

"उलटं न्हाई होणार?"

"खाच काय आपोआप भरून येती व्हय?"

"तसंच विषाणूचं, मामा. एका कोंबडीत त्याच्या हजारो नकला निघतात. निघता निघता एखादी खाच पडते, ती पुढच्या नकलांत तशीच उतरते. यंत्रावर त्या खाचा वाचता येतात. कुणाचा आजार आधीचा, कुणाचा मागून आलेला, ते त्यावरून कळतं."

मी त्या विटा कितीतरी वेळ हातात फिरवत बसलो. आपलंच काम, आणि त्याचा असा उपयोग कधी सुचला नव्हता.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी अप्पा भट्टीवर आले. चहा घेतला नाही. "निकाल आला. शेडातला आजार पहिला. कौसाबाईच्या कोंबड्यांत शेडातल्या समद्या खाचा हायेत आणि वर एक नवी. गावातल्यांत ती नवीसुद्धा हाय."

"म्हंजे शेडातून कौसाबाईकडं! सुटली बाई!"

"शेडातून तिच्या अंगणात आणला कुणी, मामा? शेडातलं कुणी तुमच्या गावात येत न्हाई, तुमच्यातलं कुणी तिकडं जात न्हाई. त्या दिवशी दोन्हीकडं गेलेला माणूस एकच." त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "सकाळी शेडातल्या मेलेल्या कोंबड्या चिरल्या. मला वाटलं, थंडीनं गेल्या. हात धुतले, बूट न्हाई धुतले. तसाच लस घेऊन इथं आलो."

मी म्हणालो, "कागदात तुमचं नाव हाय का?"

"न्हाई."

"मग गप बसा. कावळ्यानं नेला म्हणा. बाई सुटल्याशी मतलब."

"नेला बी असंल कावळ्यानं. पण कावळ्याचं नाव सांगून मी सुटलो, तर लोक उद्या परत म्हणतील, कावळे हिच्याच झाडावर बसतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चावडीपुढं उभं राहून सगळं सांगितलं. बाळासाहेब उठले, "म्हंजे माझं शेड चोर?"

"तुमच्या शेडात कुठून आला ते अजून कळलेलं न्हाई. कळंपर्यंत तुमच्यावर बी कुणी बोलू नये. तुमच्या शेडातून इथं आणला तो बहुतेक मी."

मग जे व्हायचं ते झालं. ज्या लोकांनी बाईला हिणवलं तेच आता डॉक्टरांच्या अंगावर धावून गेले. "आमच्या कोंबड्या भरून दे!" शिव्या, धक्काबुक्की. मी मध्ये पडलो, माझा सदरा फाटला. ठराव बारगळला. कौसाबाई उठून घरी गेली.

पुढं चौकशी झाली आणि उन्हाळ्यात अप्पांची बदली झाली, लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. तोवर कोंबड्या पाळायला परत परवानगी मिळाली होती. निरोप घ्यायला ते माझ्याकडं आले, तेव्हा कौसाबाई फाटकाशी आली. मला वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलावंच तिनं.

"डॉक्टर, माहेराहून पिल्लं आणलीत. लस टाकल्याबिगर जायचं न्हाई."

अप्पा गोंधळले. "माझ्या हातानं?"

"मग काय तलाठ्याच्या हातानं?"

त्यांनी माझ्या न्हाणीत जाऊन अंघोळ केली, माझं धोतर-सदरा घातला, अनवाणी तिच्या अंगणात गेले. पिल्लांच्या डोळ्यांत लसीचा एकेक थेंब टाकायला लागले. कौसाबाई एकेक पिल्लू त्यांच्यापुढं धरत होती, घाई करत नव्हती.

ते गेले. पंधरा-वीस दिवसांनी कौसाबाई माझ्याकडं आली, म्हणाली, "दादा, डॉक्टरला फोन लावा." मी लावला. तिनं तो माझ्या हातातून घेतला, अंगणात गेली, डालं उचललं आणि फोन पिल्लांच्या मधोमध जमिनीवर ठेवला. पिल्लं त्याच्याभोवती चिवचिवाट करत फिरायला लागली.

"ऐका डॉक्टर," ती वाकून म्हणाली. "समदी हायेत."

तिनं फोन लगेच उचलला नाही. पिल्लांना ओरडू दिलं.