समुद्र न पाहिलेल्या माणसाचं रीळ

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या घरी ज्वारी निवडत बसले होते. "ताई, जल्दी या, दादाला बरं वाटून न्हाई राह्यलं," एवढंच वहिनीची शेजारीण म्हणाली, पण तिच्या आवाजावरून मला कळायचं ते कळलं. अंबडहून अंकुशनगर काही फार लांब नाही, तरी त्या दिवशी एसटी प्रत्येक फाट्यावर थांबून गप्पा मारत होती असं वाटलं. पोचले तेव्हा दादा खाटेवर निजल्यासारखा होता. जेवण झाल्यावर 'जरा पडतो' म्हणाला आणि पडला, तो तसाच... चष्मा कपाळावर सरकवलेला. चौसष्टावं चालू होतं.

नातेवाइकांना कळवायचं म्हणून मी त्याची फोनची वही उघडली. साखर कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून काढलेल्या माणसाची वही, पानापानावर ग्रीसचे अंगठे. 'त'मध्ये कोकणातल्या त्याच्या जुन्या मित्राचा, तांडेलभाऊंचा, नंबर सापडेना. शेवटी 'स'मध्ये सापडला. दादाने लिहिलं होतं, 'समुद्र', आणि पुढे त्यांच्या शेजाऱ्यांचा नंबर. फोन लावला. तांडेलभाऊंना बोलावून आणायला बराच वेळ गेला. मी सांगितलं. ते म्हणाले, "मला एवढा प्रवास झेपत नाही ताई. दिवसकार्य झालं की तुम्हीच या. वहिनींना घेऊन या." मला राग आला. सुतकातल्या माणसांना कुणी कोकण बघायला बोलावतं का? माझा राग नाकावर असतो हे दादाच सगळ्यांना हसून सांगायचा, आणि त्या दिवशी माझ्यावर हसायला तो नव्हता.

हे तांडेलभाऊ आमच्याकडे आले ते साधारण ब्याऐंशी साली. मूळचे रत्नागिरीकडच्या एका कोळीवाड्यातले, आधी जहाजावर इंजिनखोलीत, मग आमच्या कारखान्यात बॉयलरवर. समुद्रावरचा माणूस उसाच्या मुलखात आला म्हणून कॉलनीतली माणसं त्यांना बघायला गेली होती. पहिल्याच उन्हाळ्यात, हंगाम संपल्यावर, ते दादाला घेऊन शहागडला गोदावरीवर गेले, आणि तिथून पुढे सोळा वर्षं प्रत्येक सुट्टीला हे दोघं नदीकाठी. तांडेलभाऊ काठी वापरायचे नाहीत. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, हाताने गरागरा फिरवून गळ लांब फेकायचे आणि दोन्ही हातांनी भराभर ओढून घ्यायचे. दादाला ते कधी जमलं नाही. त्याचा गळ जायचा बाभळीत. पण मरळ मात्र तो अशी साफ करायचा की वहिनी म्हणायची, निदान घरात तरी फिटरकीचा उपयोग होतो. नदीवर बसून तांडेलभाऊ समुद्राच्या गोष्टी सांगायचे आणि दादा, त्यांचा 'भानू', ऐकायचा. त्याने समुद्र पाहिला नव्हता. आमच्या घरात कुणीच पाहिला नव्हता. "एकदा जाऊन येऊ की," असं तो दरवर्षी म्हणायचा.

तांडेलभाऊ निवृत्त होऊन गावी गेले आणि तीनेक वर्षांनी त्यांच्या बायकोचं पत्र आलं. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. पाय हळूहळू सुधारला, पण डावा हात गेला. पत्रात लिहिलं होतं, 'हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. समुद्राकडची खिडकी बंद करायला लावतात. जेवण टाकलं आहे. डॉक्टर म्हणतात, औषधाने जेवढं व्हायचं तेवढं झालं, पुढचं यांच्या मनावर आहे.' दादाने ते पत्र मला तीन वेळा वाचून दाखवलं. मी म्हटलं, अरे मला वाचता येतं, मी मास्तरीण आहे. त्याने ऐकलंच नाही. "शैले, हा माणूस अशानं मरंल," तो म्हणाला. "त्याला पाण्यावर नेलं पायजे. एका हातानं तंगूस वढता येत न्हाई, म्हणून तो खिडकी लावून बसलाय. एका हातानं फिरवता येईल असं रीळ पायजे त्याला."

गळाच्या काठीला बसवायचं फिरकीचं रीळ दादाने फक्त एकदा कारखान्यात आलेल्या एका इंजिनियरकडे पाहिलं होतं. पण एकदा डोक्यात शिरलं की शिरलं. पुढच्या रविवारी आम्ही औरंगाबादला गेलो. मला साडी फॉल लावायला टाकायची होती, त्याला रीळ बघायचं होतं. जाळी आणि दोरखंड विकणाऱ्या हनीफभाईंचं दुकान सापडलं. काचेच्या कपाटात तीन प्रकारची रिळं होती. एक सोनेरी, विलायती, डब्यात मखमल घातलेलं. एक काळं, धातूचं, दिसायला खलबत्त्यासारखं. एक हलकं, प्लास्टिकचं, लाल पट्ट्याचं. हनीफभाईंनी अर्थातच सोनेरी काढलं. "ये लो साहब, खाऱ्या पाण्याचं हेच. आजपर्यंत एक पीस वापस आला नाही." दादाने ते हातात घेतलं, मूठ फिरवली, कानाशी नेलं, परत ठेवलं आणि विचारलं, "मोडलेली रिळं हायेत का तुमच्याकडं?"

हनीफभाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. दादाने समजावलं, रिपेरीला आलेली, लोकांनी न्यायची सोडून दिलेली. त्यांनी आतून एक खोकं आणून दिलं. दुकानाच्या पायरीवर जुना पेपर पसरून, खिशातला पेचकस काढून माझा भाऊ भर बाजारात त्या मेलेल्या रिळांची चिरफाड करायला बसला, आणि येणारेजाणारे माझ्याकडे सहानुभूतीने बघायला लागले. लाल पट्ट्याची सगळ्यात जास्त होती, सगळ्यांच्या आतल्या चक्राचे दाते झिजून गेलेले. काळी चार निघाली. चारही एकाच ठिकाणी गेलेली, तंगूस गुंडाळताना तारेची जी कमान खाली पडते, तिची स्प्रिंग तुटलेली. सोनेरी एकही नव्हतं.

"बघा, मी बोललो नव्हतो?" हनीफभाई म्हणाले.

"बराबर. पर आजवर इकली किती?"

हनीफभाई स्वतःच हसले. "एक पण नाही, साहब."

त्यांच्याकडे ठेवणीतले सुटे भाग होते, तिन्ही रिळांचे, सोनेऱ्याचेसुद्धा. दादाने ते आठ दिवसांसाठी मागून घेतले. कशाला ते मला घरी आल्यावर कळलं. मिठाच्या पाण्यात घालून कुठला भाग गंजतो ते बघायचं होतं, आणि त्यासाठी त्याला माझी चिनी मातीची बरणी आवडली. मी शाळेत गेले असताना त्याने त्याच्याकडच्या किल्लीने घर उघडून ती नेली. चौथ्या दिवशी पडक्या चेहऱ्याने आला. सगळे भाग काळे पडले होते, सोनेऱ्याचेही. "दुनियेतलं एक रीळ समुद्रात टिकत न्हाई," तो म्हणाला. "बिलकुल न्हाई. लोक मासे कसे धरतात काय की."

मी बरणी हुंगली आणि कपाळावर हात मारला. त्या बरणीत माझं लिंबाचं लोणचं असायचं, सात-आठ वर्षांपासून. चिनी माती म्हणावी तर झिलई कधीच तडकलेली, त्यात आंबटपणा मुरलेला. शिवाय समुद्र किती खारट असतो ते माहीत नसल्याने दादाने अंडं तरंगेपर्यंत मीठ घातलं होतं, लोणच्याच्या हिशेबाने. मी त्याला भूगोलाचं पुस्तक काढून दाखवलं, लिटरमागे पस्तीस ग्रॅम. "पुस्तकातला समुद्र हाय तो," तो कुरकुरला, पण सोनाराकडून मीठ तोलून आणलं, हनीफभाईंकडून पुन्हा सुटे भाग आणले, काचेच्या बाटल्यांत घातले आणि आठ दिवस रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या घरच्या खिडकीशी उभं राहून त्यांच्याकडे बघत राहिला. काळ्या रिळाचे दाते आणि बेरिंग सोनेऱ्याइतकेच टिकले. स्प्रिंग तेवढी गंजली.

"मंग सोनेरीच घे ना," मी म्हटलं. "मित्रासाठी एवढं करतोस तर."

"महागाचं धाडलं तर तांडेल ते कपाटात ठिवील," दादा म्हणाला. "मोडलं तरी हळहळ वाटू न्हाई असं पायजे. आन् ह्या काळ्याचं जे मोडतं ते मला करता येतं." वहिनीचा मिक्सर पुढच्या दिवाळीवर गेला आणि काळं रीळ घरी आलं. दादाने त्याची मूठ काढून उजव्या बाजूला बसवली. गंजणार नाही अशा तारेच्या डझनभर स्प्रिंगा वळून एका डबीत तेलात घालून ठेवल्या. जालन्याच्या भंगारबाजारातून स्टेनलेसचा पाईप आणून काठी उभी करायचा स्टँड केला, म्हणजे काठी धरायला दुसरा हात लागू नये. मग मला समोर बसवून दोन पानी सूचना सांगितल्या, कारण त्याचं अक्षर डॉक्टरलाही लागत नव्हतं. वापरल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुणे. ब्रेक सैल करून ठेवणे. वंगण तांदळाएवढंच... मी सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलं, क्रमांक घातले, खाली रेघ मारली.

पार्सल गेलं. पोचल्याचं कार्ड आलं, त्यानंतर दोन महिने काहीच नाही. दादा पोस्टमनची वाट बघायचा आणि बघत नसल्याचं दाखवायचा. हंगाम चालू होता, फिटरला रजा कुठली? एकदा मला म्हणाला, "चुकीचं रीळ घेतलं का गं म्या?" एवढ्या वर्षांत त्याने मला असं काही विचारलं नव्हतं. मी खेकसले, की रिळात काही चूक नाही, चूक असलीच तर त्या हट्टी माणसात आहे. मग तांडेलवहिनींचं पत्र आलं. 'आता रोज जातात. जेवतात. खिडकी उघडी असते.' दादाने ते वाचून घडी करून खिशात ठेवलं आणि दुसऱ्या पाळीला गेला. दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या पोरांना पाव पाव किलो जिलेबी वाटली, कशाची ते सांगितलं नाही. पुढची पाच वर्षं कोकणात जायचे बेत झाले. एकदा वहिनीचं ऑपरेशन, एकदा त्याचे गुडघे, एकदा उगाचच... राहून गेलं.

तेरावं झाल्यावर आठवड्याने वहिनीच म्हणाली, जाऊ या. ती घरात भिंतीकडे बघत बसायला लागली होती, म्हणून मी माझा राग गिळला. दोन एसट्या बदलून आम्ही पोचलो. तांडेलभाऊ काठी टेकत फाट्यावर उभे होते. त्यांनी घरी चहासुद्धा दिला नाही, सरळ खाली नेलं. वळण घेतलं आणि समोर समुद्र. पन्नाशी उलटलेल्या दोन बायका, आम्ही एकमेकींचा हात धरला. एवढं पाणी... दादाला हे दिसायला हवं होतं, असं मी मोठ्याने म्हणाले आणि रडले.

खडकांत एक पाईप सिमेंटमध्ये रोवलेला होता. पाणी त्याच्यापासून खूप लांब होतं. तांडेलभाऊ खडकावर टेकले. "ताई, खरं सांगू? पार्सल दोन महिने मी उघडलंच नव्हतं. भानूचा रागच आला होता. मला वाटलं, हा लुळ्या माणसाची कीव करतो. एक दिवस बायकोने उघडलं आणि तुमचा कागद वाचायला लागली. कलम नऊ." त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद काढला. माझंच अक्षर. 'समुद्राचं पाणी जिथे संपतं तिथून मोजून दहा फूट मागे स्टँड सिमेंटमध्ये रोवणे. एकदा रोवल्यावर हलवू नये.'

"झटका आल्यापासून मी हसलो नव्हतो," तांडेलभाऊ म्हणाले. "त्या दिवशी हसता हसता खाटेवरून खाली आलो. बायको घाबरली. सोळा वर्षं ह्याला मी समुद्र सांगितला, आणि ह्याला वाटतं समुद्राचं पाणी नदीसारखं एका जागी संपतं! मी तसाच उठलो, वाडीत चार घरांत कागद वाचून दाखवला. मग इथे खाली आलो, म्हटलं बघू तरी ह्याचे दहा फूट कुठे येतात. किती महिन्यांनी आलो होतो..."

मी त्या कागदाकडे बघत राहिले. भरती-ओहोटीचा धडा मी तीसेक वर्षं शिकवला आहे. फळ्यावर चंद्र काढते, पृथ्वी काढते, बाण काढते. कलम नऊ मी स्वतःच्या हाताने लिहिलं, खाली रेघ मारली, आणि मला काहीसुद्धा खटकलं नव्हतं. मी ते सांगितलं तेव्हा वहिनी माझ्याकडे बघायला लागली. तिचे ओठ हलले, खांदे हलले, आणि तोंडावर पदर घेऊन ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

"मग हा चुकीच्या जागी कशाला रोवला?" मी विचारलं.

"लिहिलंय ना, हलवू नये." तांडेलभाऊंनी रीळ लावलेली काठी स्टँडमध्ये उभी केली. काळं रीळ, खरचटलेलं, कडेला पांढरट झालेलं, पण मूठ अजून आवाज न करता फिरत होती. "पाणी रोज चढत चढत ह्या जागेपर्यंत येतं. मग पाईपसुद्धा बुडतो. पण मधे थोडा वेळ मोजून दहा फूट असतं. तेव्हाच मी गळ टाकतो. बाकीच्या वेळेला इथे नुसता बसतो."

आम्हीही बसलो. पाणी एकेक खडक झाकत पुढे येत होतं. वहिनीने चपला काढून बाजूला ठेवल्या. पाणी पाईपापासून दहा फुटांवरच्या एका काळ्या दगडाला लागलं तसे तांडेलभाऊ उजव्या हाताचा जोर लावून उठले, गळाला आमिष लावलं का ते पाहिलं आणि म्हणाले, "आलं भानूचं पाणी."