मुलाखतीला हाफ पँट

लीलंड प्रुइटचा उजवा पाय इराकमध्ये गुडघ्याखाली तुटला. परत येऊन तो आर्किटेक्ट झाला आणि टेक्सासमध्ये त्याने स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं. लढाईत अपंग झालेल्यांच्या फर्मसाठी सरकार काही कामं राखून ठेवतं. त्यांवर डोळा ठेवूनच डॅलसचा बडा आर्किटेक्ट क्रेग त्याचा भागीदार झाला होता.

माजी सैनिकांसाठी नवा सरकारी दवाखाना बांधायचा होता. त्या कामाच्या मुलाखतीआधी क्रेगचा फोन आला.

"उद्या हाफ पँट घाल."

"मुलाखतीला?"

"उकाडा किती आहे. आणि कमिटीला पाय दिसू दे की."

लीलंडने मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण त्या दवाखान्याचे कच्चे नकाशे त्याने जीव ओतून काढले होते, व्हीलचेअर कुठेही अडणार नाही असे. त्या नकाशांसाठी तो हाफ पँट घालून गेला. कमिटीने नकाशांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नकली पायाकडे बघून देशसेवेबद्दल आभार मानले आणि काम दिलं.

महिन्याभराने क्रेगने त्याला डॅलसला बोलावून सहीसाठी नकाशे पुढे ठेवले. दुसऱ्याच कुठल्यातरी दवाखान्याचे जुने नकाशे होते, फक्त नाव बदललेले.

"माझे कुठे गेले?"

"ते महागात पडतात, बाबा. बोर्डावर नाव तुझंच आहे ना?"

लीलंडने पट्टे सोडून पाय काढला आणि टेबलावर आपटला. "तुझा खरा भागीदार हा. सही यालाच माग."

पण दारापर्यंत जायचं तरी कसं? तो पाय परत मागावा लागला. क्रेगने दिला, आधी सही घेऊन.