शेवटच्या सुरावरची दाद

"आत्ता 'वा' कोण म्हणालं?"

ग्लोरिया मॅडम गर्रकन वळल्या. आठही गायक माझ्याकडे बघायला लागले. मी मागे वळून बघितलं. मागे नुसती भिंत.

बेंगळुरूतलं एक जुनं चर्च. मी साउंड रेकॉर्डिस्ट, मूळचा पुण्याचा, आता इथल्याच मारतहळ्ळी भागात राहणारा. मॅडमचा ग्रुप युरोपातलं चार-पाचशे वर्षांपूर्वीचं कोरल संगीत, म्हणजे चर्चमधलं समूहगान गातो. वाद्यं नाहीत. चार वेगळ्या चाली एकदम चालतात आणि शेवटी एकमेकींत विरघळतात. परदेशातल्या एका महोत्सवाला त्याच रात्री रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. अट अशी की एकच सलग टेक, एडिटिंग बिलकूल नाही. आणि चर्च आमच्याकडे फक्त संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत.

या संगीतात निम्मं काम चर्चच करतं. गायकांनी तोंड मिटलं तरी सूर छताखाली घुमत राहतो. त्याला आम्ही 'टेल' म्हणतो, म्हणजे सुराची शेपटी. ती विरेपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही, हे सगळ्यांना दटावून सांगणारा मीच. पण लहानपणापासून मैफलीत बसलेला माणूस मी. सम आली की मान हलणार, दाद जाणार. शेवटचा सूर असा काही लागला, की माझा 'वा!' सुटलाच. चर्चनं तोही तितक्याच प्रेमानं घुमवला.

"अहो, इथं मैफल भरवलीय काय?" मॅडम बेळगावच्या. रागावल्या की थेट मराठीत, मधेमधे कन्नड पेरून. "पान पण मागवू की तुम्हाला?"

"सॉरी मॅडम, आपोआप गेलं."

"सरी, ठीक हाय, परत घेऊया. स्वल्प तोंड बांधा."

मी खरंच बांधलं. रुमालानं, घट्ट. दुसरा टेक सुरेख चालला होता. शेवटचा सूर आला, दाद आतल्या आत अडकली आणि माझे डोळे बाहेर आले. ते नेमके समोरच्या सोप्रानोला, म्हणजे सगळ्यात उंच पट्टीत गाणाऱ्या बाईंना दिसले. त्या फिस्सकन हसल्या. मग सगळेच. चर्चनं ते हसूही घुमवलं.

तिसऱ्या टेकला उभे राहतो तोच घंटा वाजली. प्रार्थनेची मंडळी आत येऊ लागली.

"हाती काय हाय?" मॅडमनी विचारलं.

मी रुमाल सोडला. "पहिला टेक. माझ्यासकट."

त्या मटकन बाकावर बसल्या. "वर्षभर घासलंय हो आम्ही."

मी रुमाल परत तोंडावर बांधला. आता उपयोग नसतानाही.

शेवटी तोच टेक पाठवला. पुढे बरेच दिवस मॅडमचं नाव मोबाइलवर दिसलं की मी फोन उलटा ठेवायचो. एकदा उचलावा लागला.

"घेतलं आम्हाला! आणि तुमच्याबद्दल पण लिहिलंय."

"माझ्याबद्दल?"

"श्रोत्याची दाद मनापासून वाटली म्हणे. फक्त किंचित बेसूर होती."

धडा घेतला. आता दाद द्यायची तर आधी सूर लावून घेतो.