टाकीतली पंगत

गॅसवाले काका घरी आलेल्या माणसाला पाणी नंतर विचारीत; आधी गोबरगॅसच्या टाकीला कान लावायला सांगत. "ऐका भाऊसाहेब, पंगत बसलीय." मला कधीही काही ऐकू आले नाही. तरी मी मान डोलावीत असे, कारण टाकीपाशी वाकलेल्या त्या वृद्धाला नकार देणे माझ्यासारख्या जबाबदार माणसाला शोभले नसते.

भिंगारच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून उभी हयात काढून काका पारनेर तालुक्यातील आपल्या माळावरच्या घरी परतले होते. पत्नी निवर्तलेली, मुलगा पुण्यास. सोबतीला एक गाय. तिच्या शेणाचा गॅस थंडीत मंदावे, म्हणून काकांनी जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या जाळीत बांधून टाकीत सोडल्या आणि छपरावरच्या लहानशा सोलर प्लेटवरून त्यांना पाऊण व्होल्ट वीज दिली. "शेनातले जंतू ह्या कांड्यांवर थर धरून बसत्यात," ते समजावीत. "टाकीत जो वायू जळत न्हाई, त्याचाबी विजेच्या आधारानं जळणारा करून देत्यात. फकस्त घाई करायची न्हाई. पाव्हनं हायेत, दीड महिना बसू द्यायचं." आणि खरोखरच पुढच्या थंडीत त्यांच्या शेगडीची ज्योत निळी व ताठ राहिली. तिच्यावर एका माणसाचा भात शिजत असे.

गावाने थट्टा केलीच. "काय काका, गाईला करंट देता म्हनं?" असे एकाने पारावर विचारले, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "गाईला न्हाई, शेनाला. तुलाबी दिला असता, लई थंड हायेस." सगळे हसले. काका मात्र हसू ओसरण्याआधीच उठून घराकडे निघाले.

तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देण्याचे माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले, परंतु माझ्या मसुद्यास तालुक्यात तोड नाही, हे वकीलही मान्य करतात. काका एके दिवशी त्या टेबलापाशी येऊन बसले. मग म्हणाले, "मला अनुदान नको, बक्षीस नको. कुनी शिकल्यालं मानूस यावं, त्यानं गॅस तपासावा आन् सांगावं, हे खरं हाय का माज्या डोक्यातलं हाय. एकट्यानं ऱ्हायलं की कळत न्हाई वो."

मी अर्ज लिहिला. टाकीत विद्युतप्रवाह सोडण्यात आल्याचे ठळकपणे नमूद केले आणि अखेरीस, माझ्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी असते ती ओळ घातली: "तरी सदर प्रकरणी सखोल चौकशी होऊन योग्य ती कारवाई व्हावी, ही नम्र विनंती."

"चौकशी कशाला?" काका म्हणाले. "नुसतं बघायला या म्हना की."

"काका, या ओळीशिवाय अर्जास वजन येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि सही केली.

चौकशी आली. कोणत्या खात्याची ते येथे लिहीत नाही. दोन गृहस्थ भर दुपारी आले, गॅसच्या टाकीत गेलेल्या वायरी पाहून हादरले. "ज्वलनशील वायूत वीज? आणि वर तुम्हीच कारवाई मागता?" त्यांनी उभ्या उभ्या जाळी बाहेर काढायला लावली. कांड्यांवर काळा, ओलसर थर होता. काका तांब्याने त्यावर पाणी शिंपडीत राहिले. "सुकले की मरत्यात, साहेब," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. पंचनामा संपेपर्यंत कांड्या उन्हात पांढुरक्या पडल्या.

त्या थंडीत ज्योत पुन्हा पिवळी, मलूल झाली. काका टाकीकडे जाईनासे झाले. "असू द्या भाऊसाहेब," एवढेच म्हणाले, "तुमी चांगल्यासाठीच लिवलं." मुलगा येऊन त्यांना पुण्यास घेऊन गेला, गाय शेजाऱ्याकडे गेली. तिकडून दर सोमवारी फोन येई. "कुनी आलं का वो?" मी म्हणे, "येतील." दरम्यान मी एका कृषी महाविद्यालयास चार ओळींचे पत्र स्वतः होऊन धाडले होते; त्यात कृपया येऊन पाहावे, एवढेच लिहिले होते. एका सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी मुलाचा आला.

त्यानंतर पंधरवड्याने महाविद्यालयाच्या मॅडम आल्या. मी त्यांना माळावर नेले. कोरडी टाकी, कोपऱ्यातली जाळी, छपरावरची प्लेट त्यांनी नीट पाहिली. "आम्ही प्रयोगशाळेत हेच करतो," त्या म्हणाल्या. "मिथेन वाढतो, खरंच वाढतो. घरच्या टाकीत कुणी चालवलेलं मात्र मी पाहिलं नव्हतं. मोठं काम होतं हो हे." मग वहीवर पेन टेकवून त्यांनी विचारले, "चालू होतं तर मग का काढलं?"

"चौकशी झाली."

"अशी कुणी तक्रार केली होती?"

इतरांचे जबाब मी आजवर न अडखळता लिहीत आलो आहे. हा माझा स्वतःचा होता.

"तक्रार नव्हती, मॅडम," मी म्हणालो. "चौकशी मागणारी ओळ माझी होती. ते नको म्हणत होते."