दादाची संकष्टी

साखरेसाठी डॉक्टरांनी आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं आणि माझ्या थोरल्या भावाची भूकच मेली. बघता बघता पोट उतरलं, पँट ढगळ झाली आणि अंगात संत शिरला. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तो संयमावर बोलू लागला. घरी फ्रिजमध्ये ठेवलेल्या इंजेक्शनचा उल्लेख तेवढा राहून जाई.

पुढे त्याने संकष्टीही धरली, तीही निरंकार. लग्नापासून हा उपास करत आलेल्या वहिनीला तो ऐकवी, “तुला उपासालाही खिचडी लागते! मनावर ताबा हवा.” वहिनी घेतलेली खिचडी पातेल्यात परत टाकायची.

मळमळ वाढली म्हणून डॉक्टरांनी औषध थांबवलं. पुढच्या संकष्टीला मी त्यांच्याकडेच होतो. दादाच्या शर्टाची बटणं पुन्हा ताणली होती.

“अगं, चंद्रोदय किती वाजता?” त्याने दुपारीच विचारलं.

“रात्री. चंद्र आहे तो.”

ऊन उतरायच्या आत त्याने खिचडी मागितली. वहिनीने त्याला बशीभर दिली, स्वतःलाही तेवढीच घेतली आणि समोर बसून निवांत खाऊ लागली.

“सावकाश खा हो,” ती म्हणाली. “तुमचा संयम फ्रिजमध्ये होता, तो संपला.”

दादाने मान खाली घालून दाण्याचं कूट मागितलं.