एक साईज लहान

माझ्या गाडीत मी लहान टर्बो बसवला, आणि मुद्दाम बसवला. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्याला त्याला वाटतं की कुणीतरी बाईमाणूस बघून तो माझ्या गळ्यात मारला असेल. तसं काही नाही. मोठा समोर पडलेला होता, जवळजवळ फुकट मिळत होता, आणि मी तो नको म्हटलं.

मी तारापूर एमआयडीसीत, पाम गावाच्या बाजूच्या एका केमिकल कंपनीत युटिलिटी सांभाळते. युटिलिटी म्हणजे वाफ, पाणी, हवा. जे बंद पडेपर्यंत कुणाला आठवत नाही ते सगळं. राहायला पालघरला, रोज गाडीने जाते-येते. गाडी म्हणाल तर सेकंडहँड घेतलेली छोटी जर्मन हॅचबॅक. दिसायला डबा, पण पेट्रोल टर्बो, आणि गिअर हाताने टाकायचे. चाळिशी उलटलेल्या बाईने असली गाडी कशाला घ्यावी, हा प्रश्न मला सोसायटीच्या वॉचमनपासून नणंदेपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे. मला आवडते म्हणून. यापेक्षा जास्त कारण मी कुणाला दिलेलं नाही आणि देणारही नाही. बांगड्या केल्या असत्या तर कुणी विचारलं नसतं.

तर या गाडीने एक दिवस बोईसरच्या पुलावर निळा धूर सोडला. माझ्या थोरल्या भावाचं बोईसरला गॅरेज आहे. त्याआधी तो बरीच वर्षं एका कंपनीत मेन्टेनन्सला होता. त्याने पाइप काढला आणि टर्बोचं चाक बोटाने हलवून दाखवलं. कवळी हलावी तसं ते हलत होतं.

"गेला हा," दादा म्हणाला. "नवीनच टाकावा लागंल. टाकतोच हाय तर वाढवून टाकू."

वाढवायला माझी ना नव्हती. इंजिनात तेवढा दम होता. प्रश्न होता किती वाढवायचं, आणि तिथेच आमचं वाजलं.

टर्बोचं काम तसं सोपं आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. चाक लहान असेल तर चटकन फिरतं, पण इंजिनाच्या फेऱ्या अगदी वर गेल्या की हवा पुरत नाही. मोठं असेल तर वर हवाच हवा, पण ते फिरायला लागेपर्यंत आपण पाय दाबून वाट बघत बसायचं. एवढंच आहे सगळं. बाकीचं पुरुषांनी गप्पा मारून वाढवून ठेवलंय.

आता आमच्या एमआयडीसीची एक खोड सांगते. इथे हिशोबात काहीही येवो, माल मागवताना एक साईज मोठाच मागवतात. पंप एक साईज मोठा, मोटर एक साईज मोठी, पाइप तर विचारूच नका. का, तर पुढच्या वर्षी प्रॉडक्शन वाढणारच, मग परत खोदाखोद कोण करणार? पंपाला हे खपून जातं, व्हॉल्व्ह थोडा आवळला की झालं. हवेच्या मशीनला खपत नाही. आमच्या प्लांटला हवा ढकलणारा एक ब्लोअर आहे, असाच एक साईज मोठा घेतलेला. लोड कमी झाला की त्याला धाप लागते. पुढे ढकललेली हवा उलटी मागे येते आणि शेडचे पत्रे थडाथडा वाजतात. त्याच्याजवळ उभं राहून मी रोज ते ऐकते. दादा याच खोडीत वाढलेला. त्याच्या गॅरेजच्या फळीवर कुठल्याशा गिऱ्हाइकाने काढून ठेवलेला एक भला थोरला टर्बो होता, आणि त्याचा जीव त्यातच अडकलेला.

"हाच बसवू," तो म्हणाला. "उद्या अजून पॉवर हवी झाली तर परत खोलाया नको."

"उद्या मला अजून पॉवर नकोय."

"आता म्हणतीस."

मी घरी येऊन लॅपटॉपवर दोन्ही टर्बोंचे आलेख उघडले. मिनिटाला किती फेऱ्या झाल्या की माझं इंजिन किती हवा खातं त्याचे ठिपके मांडत गेले. पालघर ते बोईसर रस्ता म्हणजे काही विमानतळाची धावपट्टी नाही. टँकर, ट्रेलर, कंपन्यांच्या बस, मध्येच म्हशी. माझे बहुतेक ठिपके दोन ते चार हजार फेऱ्यांच्या मध्ये पडले, आणि मोठ्या टर्बोच्या आलेखावर त्यातले कितीतरी नेमके त्या धाप लागण्याच्या रेघेला जाऊन चिकटले. मग मी निवडला तो बाहेरून मूळच्यासारखाच दिसणारा, आत थोडंसंच मोठं चाक असलेला. नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, तुम्हा भावंडांच्या मधे मी पडत नाही, आणि खरंच पडला नाही.

टर्बो थेट गॅरेजवर मागवला. खोकं उघडून दादा हसला. "हे तर कंपनीवालंच दिसतंय."

"हो. आणि मला तेच हवंय," मी म्हटलं, आणि गाडीची चावी त्याच्या हातात देऊन आठवडाभर कंपनीच्या बसने फिरले.

गाडी तोच घरी आणून देऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उमरोळीच्या पुढे माझ्यासमोर एक टँकर रखडत होता. रस्ता मोकळा दिसला. रोजच्यासारखी तिसऱ्या गिअरवर बाहेर पडले आणि पाय दाबला. काहीच झालं नाही. म्हणजे गाडी चालत होती, पण नुसतीच चालत होती. टँकरच्या मागच्या चाकांशी मी अर्धवट लटकलेली, आणि समोरून एक बस येताना दिसायला लागली. मग काटा चार हजारांवर गेला आणि होतं नव्हतं ते सगळं एकदम आलं. स्टिअरिंग हातात हलकं झालं. कशीबशी टँकरच्या पुढे घुसले. बसवाल्याने माझ्या सात पिढ्यांची आठवण काढली असणार, आणि त्याचं काही चुकलं नाही.

मी घाबरले. साफ घाबरले. कडेला थांबून बॉनेट उघडलं तर आत फळीवरचा तो थोरला बसलेला.

तशीच गॅरेजवर गेले. मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिथली माणसं नंतर म्हणाली.

"माझा कुठंय?"

"खोक्यात हाय," दादा म्हणाला. "अगं बाय, आधी आईक तरी. डायनोवर चढवून ताकद मोजली, काय आकडा आलाय ठाव हाय? पालघर ते वसई अशी दुसरी गाडी नाय."

"काढ हा."

"रविवारपर्यंत तरी ठेव. सगळ्यांना सांगून बसलोय मी."

रविवारी मनोरच्या अलीकडे, हायवेवरच्या ढाब्याच्या आवारात दादासारखे गाड्यांचं वेड असलेले लोक नाश्त्याला जमतात. बॉनेट उघडून एकमेकांचे आकडे विचारतात. म्हणजे माझी गाडी तिथे दादाची पाटी म्हणून उभी राहणार होती.

"तुझ्या एका रविवारासाठी मी सोमवार ते शनिवार जीव टांगणीला लावू?"

"तसं नाय गं. गिअर दोन खाली टाकायचा, आधीपासून पाय दाबून धरायचा. तुला सवय होईल."

इथे माझं डोकं फिरलं. सवय होईल. नोकरीला लागले तेव्हा सेफ्टी शूज पुरुषांच्या मापाचे दिले. आत कापूस कोंबा मॅडम, सवय होईल. हेल्मेट डोळ्यांवर यायचं, सवय होईल. हातमोज्यांत बोटं सापडायची नाहीत, सवय होईल. दुसऱ्याच्या मापाचं घालून चालायची मला सवय झाली नाही, मी फक्त ठेचकाळत चालायला शिकले. आणि आता माझ्या पैशाची, माझ्या नावावरची गाडी, तिच्यातही तेच. माझ्या सख्ख्या भावाने. मला फार वाईट वाटलं, आणि रागही तितकाच आला.

"बरं," मी म्हटलं. "उद्या तू चालव. माझ्या वेळेला, माझ्या रस्त्याने. पुढे आई बसेल."

आई शिरगावला दादाकडेच असते. तिला बोईसरला मावशीकडे जायचंच होतं. सकाळी मी घ्यायला गेले तर ती चपला घालून, पिशवी घेऊन तयार. दादाला नाही म्हणायला जागाच राहिली नाही. मी मागे बसले.

पालघर सोडल्यावर पहिल्या टँकरला तो बाहेर पडला, पाय दाबला, आणि गुपचूप परत मागे आला. दुसऱ्याला त्याने दोन गिअर खाली टाकले. इंजिन किंचाळलं, गाडी उसळली, आईचा हात डॅशबोर्डवर. त्यानंतर एका ट्रॅक्टरच्या मागे तो जो बसला तो बोईसरपर्यंत. मागचे लोक हॉर्न मारत होते.

आई म्हणाली, "काय रे, ही गाडी आधी इचार करीत बसते, मंग एकदम अंगात येतं तिच्या?"

दादाने ट्रॅक्टरला हॉर्न मारला.

"हिच्यातनं माजी पोरगी रोज जाते?"

मला मागून काही बोलायची गरजच पडली नाही, आणि खरं सांगते, मला ते फार गोड लागलं.

माफी वगैरे मागणाऱ्यातला तो नाही. आईला मावशीच्या दारात सोडलं, गॅरेजवर येऊन शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि कुणाला हात लावू न देता थोरला स्वतः काढला. खोक्यातला माझा काढून, त्यात तेल ओतून, चाक हाताने फिरवत बसला. मी तिथेच स्टूल घेऊन बसले होते. विश्वास नव्हता म्हणूनच बसले होते, आणि तसं त्याला सांगितलंही. इंजिनाचं सेटिंग करणारा वसईचा माणूस परत बोलवावा लागला. या टर्बोवर उमरोळीच्या रस्त्याला गाडी पाय टेकवला की निघते. तिसऱ्यातच निघते.

रविवारी ढाब्यावर मीही गेले. दादा म्हणाला होता, नको येऊस, म्हणून तर गेलेच. बॉनेट उघडलं तसे सगळे वाकून आत बघायला लागले. आत बघण्यासारखं काही नव्हतंच. कुणीतरी दादाच्या पाठीवर थाप मारून विचारलं, "काय, आकडा किती आला?"

दादाचं तोंड उतरलं. मला वाटलं, आता हा सांगणार, की हे तात्पुरतं आहे, मोठा बसवायचाय. त्यावरचं उत्तर मी तयारच ठेवलं होतं, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

"मला काय विचारता," दादा म्हणाला. "गाडी तिची हाय. तिला विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. मी आकडा सांगितला.

"बस? एवढाच?"

"एवढाच," मी म्हटलं. "मला हवा होता तेवढा."