धाकट्या साडूची जीभ

मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत जमिनीच्या पोटात काय चाललंय हे दोघांनाच ठाऊक असतं: एक देव आणि दुसरा माझा धाकटा साडू. त्यातही देवाला अधूनमधून शंका येत असावी, साडूला येत नाही. त्याची बोअर मारायची गाडी आहे. आमच्या किनाऱ्याला बोअर मारणं म्हणजे नुसतं भोक पाडणं नव्हे. वर जांभा, मग पांढरी मऊ माती, मग काळा दगड, आणि गोड पाण्याच्या खाली दबा धरून बसलेला समुद्र. जरा जास्त खोल गेलं की घराला कायमचं खारं पाणी. म्हणून हा पठ्ठ्या वर येणारा चिखल बोटावर घेऊन चाखतो. बोअरच्या दिवशी जेवण अळणी, चहा बिनसाखरेचा, सोलकढी वर्ज्य. लग्नाच्या पंगतीतसुद्धा आधी पाण्याचा घोट तोंडात घोळवतो आणि यजमानाला सुनावतो, "बोअर दोन पायप जास्त खाली गेली तुमची." यजमान रागवायचं सोडून त्याला आणखी जिलबी वाढतो, आणि शेजारी बसलेला मी जळत राहतो.

का जळू नये? थोरला जावई मी. पण सासुरवाडीला सुरमईचा मधला तुकडा त्याच्या पानात, शेपटी माझ्या. सासऱ्यांना परसात बोअर हवी होती, तर याने टेप लावून गावच्या सार्वजनिक विहिरीपर्यंतचं अंतर मोजलं आणि तोंडावर सांगितलं, "सरकारी नियमात बसणा नाय. मी मारूचंय नाय." सासरे चार दिवस घुश्शात होते, आणि मग गावभर सांगत सुटले, "जावय असो व्हयो!" हेच मी नाही म्हटलं असतं तर आळशी ठरलो असतो.

आमची विहीर चैत्रात मचूळ होते, त्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही. बायको बहिणीकडून कॅन भरून आणते आणि वर म्हणते, "तेंच्या पाण्यात डाळ कशी लोण्यासारखी शिजता!" म्हणजे डाळ माझ्या पैशाची आणि कौतुक त्याचं. शेवटी रीतसर परवानगी काढून मी त्यालाच बोलावलं. बायकोसाठी गोडं पाणी लागावं असं फार वाटत होतं. आणि खोटं कशाला सांगू, त्याची जीभ एकदा तरी सगळ्यांसमोर चुकावी असंही वाटत होतं.

गाडी घरघरू लागली, सगळी वाडी जमली. साडूने चिखल चाखला आणि मला हाताला धरून माडाआड नेलं. "भावजी, गेल्या म्हयन्यात ताप इलो, तेवापासून जिभेक कायच लागणा नाय. कोणाक सांगू नका. तुमी चाखा."

मला हवं होतं ते आयतंच हातात आलं होतं. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण त्याचा चेहरा परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा झाला होता. मी चिखलात बोट बुडवलं. "थोरलो साडू धंदो शिकता!" म्हणून वाडी हसली. प्रत्येक पाइपाला मी चाखत होतो आणि 'चालू दे' म्हणून मान डोलावत होतो. मग जिभेच्या टोकाला किंचित काहीतरी झोंबलं. घाम असेल म्हणून बोट पुसून पुन्हा चाखलं, आणि म्हटलं, "थांबव." त्याने "नक्की ना?" असंही विचारलं नाही. हात वर केला, गाडी थांबवली आणि तळाचा भाग चिकणमातीने बुजवून घेतला.

पाणी नितळल्यावर बायकोने पहिला पेला अर्थातच त्याला दिला. त्याने घोट तोंडात घोळवला, पेल्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "गोड," तो म्हणाला. बायको म्हणाली, "काय जीब ती!" आणि मी पुन्हा जळलो.

आता किनाऱ्याला काम निघालं की त्याचा फोन येतो. मी अळणी जेवतो आणि जातो. कौतुक अजून त्याचंच होतं. परवा सासूबाईंनी नेहमीसारखा सुरमईचा मधला तुकडा त्याच्या पानात वाढला. त्या आत वळल्या तसा त्याने तो हळूच माझ्या पानात सरकवला. "खावा भावजी. माका आता शेपटी काय नि मधलो काय, सारखोच."

इतकी वर्षं ज्या तुकड्यासाठी जळलो, तो त्या दिवशी माझ्या घशाखाली उतरेना.